‘वेगळा’, ‘संयुक्त’ आणि ‘अनुशेष’ : विदर्भाच्या वादातील शब्दांचे विवेचन

एखादा प्रदेश ज्या मोठ्या राजकीय घटकात अंतर्भूत झालेला आहे, त्यातून त्याने बाहेर पडावे की नाही, हा प्रश्न लोकांपुढे आला म्हणजे इतिहास, अर्थकारण व कायदा या तिन्हींचे दाखले दिले जातात. परंतु ते दाखले ज्या शब्दांतून मांडले जातात त्या शब्दांनीच काय गृहीत धरलेले असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. विदर्भाने महाराष्ट्रात राहावे की त्याचे निराळे राज्य व्हावे, हा वाद या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण येथे दोन्ही पक्षांची भाषा एकच आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात विलीनीकरणाच्या प्रश्नावर जनमत घेतले गेले, तेव्हा कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. विदर्भाची मागणी मात्र वऱ्हाडी वा नागपुरी बोलीच्या वेगळेपणावर उभारलेली नाही. मतभेद येथे भाषेविषयी नसून एकाच भाषेतील शब्दांच्या योजनेत दडलेला आहे.

प्रथम ‘महाराष्ट्र’ हा शब्दच घेऊ. नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे निधन झाले. ‘गोविंदाग्रज’ या नावाने ज्यांनी महाराष्ट्राचे स्तोत्र रचले, त्या कवीने जेथे देह ठेवला ते गाव तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होते. ‘महाराष्ट्र’ नावाचा प्रांत तर भारताच्या नकाशावर कोठेच नव्हता. उलटपक्षी, सावनेरहून उत्तरेकडे गेल्यास सौंसर व पांढुर्णा या तहसिली लागतात. तेथे मराठीभाषकांची मोठी वस्ती असूनही त्या १९५६ च्या पुनर्रचनेनंतर मध्यप्रदेशातच राहिल्या. यावरून ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट होतात : एक भाषिक-सांस्कृतिक, दुसरा प्रशासकीय. पहिल्या महाराष्ट्रातून कोणी बाहेर पडू शकत नाही, कारण त्यात कोणी करारान्वये आलेला नसतो. वाद आहे तो दुसऱ्याविषयी. ‘विदर्भ महाराष्ट्रातून फुटतो’ या वाक्यात पहिल्या अर्थाची भावना दुसऱ्या अर्थाच्या प्रश्नाला चिकटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहिताना हाच भेद तर्काच्या अंगाने दाखविला. एका राज्याची भाषा एक असावी, या विधानावरून एका भाषेचे राज्यही एकच असावे, हे विधान निष्पन्न होत नाही. या भूमिकेस अनुसरून त्यांनी मराठी भाषिक प्रदेशाची चार राज्ये सुचविली होती.

‘वेगळा’ हे विशेषण साकांक्ष आहे, ‘कोणापासून?’ या प्रश्नाच्या उत्तरावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव संमत केला, तेव्हा हे वेगळेपण हिंदी भाषिक महाकोशलापासूनचे होते. १९६० नंतर तीच शब्दसंहती महाराष्ट्रापासूनच्या वेगळेपणासाठी योजिली जाऊ लागली. दोहोंमध्ये सातत्य आहे, पण ते मागणीच्या नावाचे आणि भूप्रदेशाच्या जाणिवेचे आहे, युक्तिवादाचे नव्हे. पहिल्या मागणीस भाषाभेदाचा आधार होता, दुसऱ्या मागणीस तो घेता येत नाही. म्हणून १९३८ च्या ठरावाचा दाखला आजच्या वादात देताना ‘कोणापासून’ हे पद अध्याहृत ठेवणे सदोष ठरते.

विरोधी पक्षाच्या ‘संयुक्त’ व ‘अखंड’ या शब्दांचीही अशीच परीक्षा करावयास हवी. ‘संयुक्त’ हे ‘सम्’ या उपसर्गासह ‘युज्’ धातूचे क्त-प्रत्ययान्त रूप होय. जे जोडले गेले ते पूर्वी निराळे होते, हे त्यात गृहीतच असते. ‘अखंड’ हा नञ्-समास खंडांचे अस्तित्वच नाकारतो. १९४६ ची संयुक्त महाराष्ट्र परिषद आणि १९५६ ची संयुक्त महाराष्ट्र समिती यांच्या नावांत पहिला शब्द होता. जोडणी झाली म्हटले की ती कोणत्या अटींवर झाली, हा प्रश्न न्याय्य ठरतो; मुळात जे अखंड, त्याच्याबाबतीत तो उद्भवतच नाही. तेथे बाहेर पडणे म्हणजे तोडणेच होय.

अटींचा प्रश्न न्याय्य असल्याचा पुरावा २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. या अकरा कलमी करारात मुंबई ही राजधानी मान्य करून महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित प्रदेश असे तीन घटक मानले गेले. निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, नागपुरात उच्च न्यायालयाचे पीठ असावे आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन तेथे भरावे, अशी त्यात तरतूद होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर झालेल्या अहवालात राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांच्या निराळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. लोकनायक बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून आले, ते वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करूनच.

तथापि ‘करार’ या शब्दालाही मर्यादा आहे. ‘करार मोडला, म्हणून बाहेर पडण्याचा अधिकार आला’ हे अनुमान खाजगी व्यवहारातून घेतलेले आहे. नागपूर करार हा राजकीय नेत्यांमधील समझोता होता, अधिनियम नव्हे. युरोपीय संघाच्या करारात बाहेर पडण्याचे स्वतंत्र कलम होते व त्याच मार्गाने ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. भारतीय संविधानात राज्याच्या एखाद्या विभागास तसा मार्ग नाही. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते. द्विभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीस आव्हान देणाऱ्या बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये हे स्पष्ट केले.

१९८० नंतरच्या वादाचा मध्यवर्ती शब्द ‘अनुशेष’ हा होय. हा शब्द हिशेबाच्या क्षेत्रातील असल्याने त्याने गाऱ्हाण्यास आकड्यांचे रूप दिले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये असा काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा अनुशेष राज्याच्या सरासरीशी तुलना करून मोजलेला आहे. म्हणजे ज्या घटकातून बाहेर पडावयाचे, त्याच घटकाच्या सरासरीवर बाहेर पडण्याचा सर्वांत प्रबळ पुरावा उभा आहे. विदर्भ निराळा झाल्यास सरासरी बदलेल, आणि मग गडचिरोलीचा अनुशेष नागपूरच्या तुलनेत मोजावा लागेल. याचा अर्थ मागासलेपण खोटे आहे असा नव्हे. ‘अनुशेष आहे’ हे विधान उपाययोजनेची निकड सिद्ध करते. तो उपाय राज्याच्या आत की बाहेर, हे त्याने ठरत नाही. याउलट, १९५६ मध्ये संविधानात आलेली विकास मंडळांची तरतूद अमलात येण्यास १९९४ साल उजाडले व त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, ही वस्तुस्थिती ‘आत राहूनच उपाय होईल’ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यास भाग पाडते.

अखेरीस सर्वनामांकडे वळू. मराठीत श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ व श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. इंग्रजीत तो नाही. सावनेर परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, तालुक्यात खापरखेडा येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. ‘आमचा कोळसा, आमची राख, वीज मात्र त्यांना’ अशा धाटणीच्या युक्तिवादात ‘आम्ही’ची सीमा विदर्भावर ठेवलेली असते, ‘आपल्या राज्याची वीज’ असे म्हणणारा ती सीमा राज्यापर्यंत नेतो. खाण तीच, राख तीच. बदलते ते सर्वनाम. आणि ‘आपण’ची सीमा कोणती, हाच मूळ वादविषय असल्याने दोन्ही वाक्ये जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरतात.

शब्दांच्या योजनेचा हा प्रभाव अन्यत्रही मान्य झालेला आहे. ब्रिटनमधील २०१६ च्या सार्वमतापूर्वी केवळ ‘राहावे काय?’ असा होय-नाहीचा प्रश्न एका बाजूस झुकलेला वाटेल, म्हणून निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून ‘राहावे’ व ‘सोडावे’ हे दोन्ही पर्याय मतपत्रिकेवर छापले गेले. विदर्भाबाबत असे अधिकृत सार्वमत कधी झालेले नाही. त्यामुळे प्रश्नाचे शब्द निश्चित करण्याचा प्रसंगही आला नाही, आणि प्रत्येक पक्ष आपापला प्रश्न घेऊन बोलत राहिला. ‘वेगळा’ म्हणजे कोणापासून, ‘संयुक्त’ म्हणजे कोणत्या अटींवर, ‘अनुशेष’ म्हणजे कोणत्या सरासरीच्या मानाने आणि ‘आपण’ म्हणजे कोण, ही चार उत्तरे दोन्ही पक्षांकडून मिळविल्याखेरीज त्यांच्या युक्तिवादांची तुलना करणे शक्य नाही. ती मिळाल्यानंतर उरणारा निर्णय भाषाशास्त्राचा नसून नागरिकांचा आहे.