आग विझवायची शाळा

आमच्या मालवणकडे आग ही काही अनोळखी पाहुणी नव्हे. फाल्गुन उजाडला की सड्यावरचे गवत कडकडीत वाळते, आणि कुणी टाकलेल्या विडीच्या थोटकापासून काजूच्या बागा बघता बघता काळ्या होतात. वाडीतली माणसे ओले टहाळे घेऊन धावतात, झोडपतात, विझवतात. म्हणूनच माझा भाचा अग्निशामकाचे शिक्षण घ्यायला मुंबईला निघाला तेव्हा आमची आई हसून म्हणाली, "आग इजवूक शाळा कित्याक व्हयी रे? कळशी असली म्हणजे झाला!"

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते.

सांताक्रूझच्या विद्यानगरीत राज्य सरकारची अग्निशमन अकादमी आहे. तिथला अग्निशामकाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. शिडी चढणे, पाण्याच्या दाबाने उसळणारी नळी आवरणे, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन उतरणे हे सारे तिथे अंगवळणी पाडतात. सुट्टीत घरी आलेल्या भाच्याने आल्याआल्या आजीलाच धडा दिला : "आजी, कढईतला तेल पेटला तर पाणी ओतूचा नाय. झाकण घालूचा." आई नुसतीच "बरा" म्हणाली.

त्याच सुट्टीत शेजारच्या काकांच्या मांगराला आग लागली. आत गवत रचलेले आणि दाव्याला वासरू बांधलेले. काका दारातून आत घुसणार, तोच भाच्याने त्यांना मागे ओढले. दारातून काळा धूर लोटत होता. "आगीआधी धूर मारता, काका!" असे म्हणून तो वाऱ्याच्या बाजूने मागे गेला, कोयत्याने कूड फोडला, जमिनीलगत सरपटत आत शिरला आणि दावे कापून वासराला ओढीत बाहेर आला. बाकीच्यांना त्याने काजूच्या बाजूचे गवत साफ करायला लावले. मांगर गेला, पण बाग राहिली आणि काकाही राहिले. बंब आला तो पाखाडीच्या तोंडाशीच अडला होता.

रात्री ओटीवर मी त्याची पाठ थोपटली, तर तो गप्पच. मग म्हणाला, "मामा, आज मी एकटो होतंय म्हणून निभावला. हाताखाली धा माणसा असती तर कोणाक आत धाडूचा नि कोणाक नाय, ता माका ठरवूक येवचा नाय. ता शिकूक व्हया."

त्याच्या बोलण्याने मला मुंबईची गोदी आठवली. १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. धैर्य त्यांच्यापाशी काही कमी नव्हते. पण समोर काय पेटले आहे, हे कळल्यावाचून नुसत्या धैर्याची किंमत फार मोठी पडते.

ही वरची विद्या मिळवायची वाट मात्र सर्वत्र सारखी नाही. आपल्याकडे अग्निशमन हा राज्यांचा आणि नगरपालिकांचा विषय, त्यामुळे राज्य बदलले की अटी बदलतात. आपल्या राज्याच्या अकादमीत उपअधिकाऱ्याचा अभ्यासक्रम वर्षाचा, आणि त्याला पदवी लागते. केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरास आले. तिथे अग्नि-अभियांत्रिकीची पदवीही मिळते. नागपूरच्याच हर्षिणी कान्हेकर २००२ साली तिथे प्रवेश मिळवणारी पहिली मुलगी ठरल्या. अमेरिकेतही राज्यागणिक नियम वेगळे. पुष्कळ ठिकाणी पहिल्या पायरीचा जवान वरिष्ठाच्या नजरेखाली काम करतो. दुसरी पायरी चढलेल्यावर अधिक जबाबदारी टाकतात.

भाचा बारावीच शिकलेला. म्हणजे आधी पदवी, मग ते वर्ष. नोकरी सांभाळून त्याने मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. तीन वर्षे म्हणजे काही थोडथोडकी नव्हेत. पण अर्जाचे पैसे कुणी दिले म्हणता? आईने, आपल्या गाठीचे काढून!

यंदा ती करंज्या तळायला बसली तेव्हा मी मुद्दाम पाहिले. कढईशेजारी मापाचे झाकण होते, आणि पाण्याची कळशी चांगली दोन हात लांब.