शंभर गुण आणि त्याखालच्या ओळी

क्रिकेटचा धावफलक आपल्या घरातले शाळकरी पोरही वाचते. कोणी किती काढल्या, कोण भोपळ्यावर गेला, हे त्याला तोंडपाठ असते. आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत तो फलक बास्केटबॉलचा आहे आणि अमेरिकेतला आहे. तारीख २ मार्च १९६२. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या चॉकलेटच्या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघांचा सामना झाला. वॉरियर्सने तो १६९-१४७ असा जिंकला. त्या १६९ पैकी १०० गुण एकट्या विल्ट चेंबरलेनचे होते.

चेंबरलेन कृष्णवर्णीय, उंची ७ फूट १ इंच, वय अवघे २५. या लीगच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम उतरले ते १९५० साली, म्हणजे या सामन्याच्या जेमतेम बारा वर्षे आधी. चेंबरलेनच्या आधी एका सामन्यातील सर्वाधिक गुणांचा विक्रम एल्जिन बेलर या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूचा होता, १९६० साली ७१ गुणांचा. याच बेलरने १९५९ साली वेस्ट व्हर्जिनियातील एका गावी, हॉटेलने कृष्णवर्णीयांना खोल्या नाकारल्या म्हणून, खेळायलाच नकार दिला होता. ज्याला निजायला जागा मिळत नव्हती, त्याच्याच नावापुढे लीगमधला सर्वांत मोठा आकडा लागला. असा तो काळ होता.

आता फलक उघडू. चेंबरलेनने ६३ वेळा बास्केटवर चेंडू टाकला, ३६ वेळा तो आत गेला. एका बास्केटचे दोन गुण, म्हणजे झाले ७२. तीन गुणांची रेषा या लीगमध्ये आली १९७९ साली, तेव्हा ती सोय त्याला नव्हती. उरलेले २८ गुण कुठून आले? ते फ्री थ्रोचे. प्रतिस्पर्ध्याने फाऊल केला की खेळाडूला ठरावीक रेषेमागून, कोणी न अडवता, चेंडू टाकायला मिळतो. त्याचा एक गुण. चेंबरलेनला असे ३२ मिळाले, त्यातले २८ आत गेले.

हा आकडा आम्हांला शंभरपेक्षाही नवलाचा वाटतो. कारण चेंबरलेन फ्री थ्रोला कच्चा होता. साऱ्या कारकिर्दीत त्याचे शंभरातले जेमतेम एक्कावन्न आत गेले. त्या हंगामात मात्र तो दोन्ही हातांनी, खालून वर, चेंडू झुलवून टाकत असे. या पद्धतीला तिकडे आजीबाईची पद्धत म्हणून हसतात. त्या हंगामात त्याचे प्रमाण ६१ वर गेले, आणि त्या रात्री तर ८७ च्या पुढे. तरी पुढे त्याने ती पद्धत सोडून दिली. आपण बायकी दिसतो अशी लाज वाटायची, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवले. लोक हसतात म्हणून हाती आलेले सोडून देणारा गडी काही साधासुधा नव्हता, हेच आम्हांला चुटपूट लावते.

शेवटच्या डावात त्याने ३१ गुण केले. पहिल्या तीन डावांत २३, १८ आणि २८. प्रेक्षक होते ४१२४. शंभराचे वेड लागताच खेळाचे रूपच बदलले. निक्सवाले चेंबरलेनकडे चेंडू जाऊ नये म्हणून बाकीच्यांवर फाऊल करू लागले, तर वॉरियर्स चेंडू लवकर परत मिळावा म्हणून निक्सवर. हा पोरखेळ झाला असे म्हणणारे तेव्हाही होते, नंतरही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण तिसऱ्या डावाअखेर चेंबरलेनचे ६९ झाले होतेच, हेही फलकच सांगतो.

निक्सचा नेहमीचा सेंटर त्या रात्री आजारी होता. त्याच्या जागी आलेला डॅरल इमहॉफ २० मिनिटांत सहा फाऊल होऊन बाहेर गेला. पुढे लोकांनी त्याची फार थट्टा केली. वास्तविक निक्सच्या तिघांनी त्या रात्री तीसच्या वर गुण केले, रिची ग्युरिनने तर ३९. हरलेल्या संघाचे १४७ गुण कोणाच्या लक्षात राहतात?

वॉरियर्सच्या बाकीच्या ओळी पाहा. गाय रॉजर्सचे गुण ११, पण असिस्ट २०, म्हणजे वीस वेळा त्याच्या पासवर दुसऱ्याने बास्केट केले. अल ॲटल्सने आठ वेळा चेंडू टाकला, आठही आत, एक फ्री थ्रो तोही आत. एकही चूक नाही, १७ गुण. एरवी दुसऱ्या दिवशी त्याचेच नाव निघाले असते. याच ॲटल्सने १९७५ साली, तोवर कॅलिफोर्नियात गेलेल्या वॉरियर्सला प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपद मिळवून दिले.

चेंबरलेनने प्रतिस्पर्ध्यांचे किती चेंडू हवेत अडवले, याचा रकानाच या फलकात नाही. ती मोजणी लीगने १९७३ साली सुरू केली. सामन्याचे दूरदर्शनवर प्रक्षेपण नव्हते, चित्रफीतही नाही. रेडिओवरील वर्णनातला शेवटचा डाव तेवढा ध्वनिफितीवर उरला. बाकी सारे कागदावर. तो कागद सांभाळणारे हार्वी पोलॅक हे आकडेवारीचे गृहस्थ त्या रात्री वृत्तसंस्थांना बातमीही धाडत होते. चेंबरलेनच्या हातातला '१००' लिहिलेला कागद, जो त्या प्रसिद्ध छायाचित्रात दिसतो, तोही पोलॅकनीच लिहिला.

शेवटची ओळ जो रक्लिकची. हा गोरा खेळाडू बहुतेक वेळ बाकावर बसून असे. त्या रात्री तो आठ मिनिटे खेळला. एकदा चेंडू टाकला तो हुकला, दोन फ्री थ्रो तेही हुकले. सामना संपायला ४६ सेकंद असताना चेंडू त्याच्या हाती आला, आणि त्याने तो चेंबरलेनला दिला. शंभर पुरे झाले. प्रेक्षक मैदानात घुसले. त्या गर्दीत रक्लिक धावला तो नोंद करणाऱ्यांच्या टेबलाकडे, आपला असिस्ट लिहिला की नाही हे पाहायला. लिहिला होता. पुढे बास्केटबॉल सुटल्यावर त्याने वृत्तपत्रात काम केले, तेही शिकागोच्या 'डिफेंडर'मध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात. फलकात त्याच्या नावापुढे अजूनही तेच आहे: गुण शून्य, असिस्ट एक.