हौसेची मोटारसायकल आणि नोंदणी प्रमाणपत्र

गाझियाबादहून दिल्लीच्या करोल बागेत जाणारा बुलेटस्वार बहुधा दोनच कामांसाठी तेथे जातो : सुटे भाग घेण्यासाठी, नाहीतर गाडीचे रूपच पालटून घेण्यासाठी. उंच हँडल, रुंद टायर, जाळीविना मोकळे मागचे चाक आणि दुरून ऐकू येणारा सायलेन्सर. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परिवहन कार्यालयाकडे मात्र तिची किंमत ठरलेली आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, निर्मात्याने नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. यातील 'प्रत्येक' हा शब्द ग्राहकांनी नीट वाचावा.

मग करता काय येते? गादी, आरसे, सामानाच्या पिशव्या यांनी मूळ रचनेस धक्का लागत नाही. रंगही बदलता येतो, पण तो नोंदणीत उतरवून घ्यावा लागतो. जाळीचे तसे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण आवश्यक आहे. साडीचा पदर वा ओढणी चाकात गुंतू नये, एवढाच त्याचा हेतू; शोभेसाठी जाळी काढणाऱ्याने मागे कोण बसणार, हे आधी आठवावे.

आवाजाचेही तसेच. 175 सीसीवरील मोटारसायकल तयार होताना तिच्या आवाजाची मर्यादा 80 डेसिबल धरलेली असते आणि 349 सीसीची बुलेट याच गटात मोडते. डेसिबल 10 ने वाढले की ध्वनीची तीव्रता 10 पट होते, त्यामुळे सायलेन्सरमधील 'किरकोळ' बदल किरकोळ राहत नाही. पुढचा काटा लांबविल्यास गाडी सरळ महामार्गावर स्थिर धावते. हापुड रस्त्याच्या गर्दीत मात्र वळणाचा घेर वाढतो आणि हँडल जड होते.

कर्जावर घेतलेली गाडी बँकेकडे नजरगहाण असते. तारणाचे रूप बदलण्यापूर्वी बँकेस लेखी विचारावे आणि विमा कंपनीसही कळवावे. न कळविलेल्या फेरबदलामुळे अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. काढलेले मूळ भाग भंगारात देण्याची घाईही नको. गाडी विकायला काढली की जाणते गिऱ्हाईक आधी त्यांचीच चौकशी करते.