नोकरी आणि काम : भिलाईतील बारावीनंतरचा प्रश्न

मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया मागे पडले की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके येतात आणि त्यानंतर भिलाई. १९५६ पर्यंत या पट्ट्याचा कारभार नागपूरहून चालत असे. त्यामुळे दुर्ग-रायपूरकडे बदलीवर गेलेले एखादे आजोबा किंवा काका नागपूरकडच्या बऱ्याच घरांत निघतात. पुढे पोलाद कारखाना उभा राहिला आणि विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. या कुटुंबांची तिसरी पिढी आता दहावी-बारावीच्या वर्गात बसते आहे आणि पहिल्या पिढीला कधीच न पडलेला प्रश्न तिच्यापुढे उभा आहे : शाळा संपल्यावर करायचे काय?

पहिल्या पिढीला तो पडला नाही, कारण त्याचे उत्तर गावातच धूर सोडत उभे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. अभियंते व कुशल कामगारांच्या तुकड्या शिक्षणासाठी रशियात धाडण्यात आल्या. उरलेल्यांनी रशियन तंत्रज्ञांच्या शेजारी उभे राहून, दुभाष्यांच्या मदतीने, भट्टीपुढेच धडे गिरवले. धानाच्या शेतातून आलेला माणूस काही वर्षांत क्रेन चालवू लागला. कारखाना हीच व्यवसायशिक्षणाची शाळा होती. मग वसाहतीतील खऱ्या शाळांनी हाताचे कौशल्य शिकवण्याच्या फंदात कशाला पडावे? त्यांनी गणित आणि विज्ञान उत्तम शिकवले आणि आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेतील यशासाठी भिलाईचे नाव देशभर झाले. ज्याला ते साधले तो बाहेर गेला, ज्याला साधले नाही त्याला कारखाना होताच.

हा हिशेब भरतीवर उभा होता आणि नेमकी भरतीच आटली. ‘सेल’च्या सेवेत या शतकाच्या आरंभी दीड लाखाहून अधिक माणसे होती; आज ती साठ हजारांच्या आत आली आहेत. भिलाईत उत्पादन घटलेले नाही, उलट वाढले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वे रूळ गिरणीत १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ निघतो. मात्र तो काढायला पूर्वीइतके हात लागत नाहीत आणि जे लागतात ते वेगळे शिकलेले लागतात. तंत्रज्ञाच्या पदासाठी आयटीआय किंवा पदविका हवी आणि परीक्षा अखिल भारतीय. ज्या मुलाचे वडील तीस वर्षे त्याच फाटकातून आत गेले, त्याच्या हाती बारावी विज्ञानाचे गुणपत्रक असते. ते त्याला ना आयआयटीत नेते, ना फाटकातून आत.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून भिलाईच्या कामगारवस्त्यांचा अभ्यास केला आणि २०२० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मराठी वाचकाला भाषांतराशिवाय समजेल. भिलाईतील लोक ‘नोकरी’ आणि ‘काम’ असा भेद करतात. कायम स्वरूपाची, भविष्यनिर्वाह निधी आणि क्वार्टर देणारी ती नोकरी. ठेकेदाराकडचे, आज आहे उद्या नाही, ते काम. दोघे एकाच शेडमध्ये घाम गाळत असले तरी त्यांच्या घरांत, सोयरिकीत आणि मुलांच्या शाळांत अंतर पडत जाते.

दिल्लीतील धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यावी अशी गोम येथेच आहे. व्यवसायशिक्षणाचे प्रमाणपत्र नोकरीकडे नव्हे, कामाकडे नेते, अशी पालकांची पक्की समजूत आहे आणि अनुभवाने ती खोटी ठरवलेली नाही. ठेकेदारी कामगारांच्या निर्वाहवेतनासाठी व कायमपणासाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. पुढील वर्षी १ जुलैला पॉवरहाऊस स्थानकात रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. ज्या गावाच्या स्मरणात हे आहे, तेथील बापाला ‘कौशल्याला प्रतिष्ठा द्या’ असे व्याख्यान देणे सोपे नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न शाळेपेक्षा वेतनचिठ्ठीत अधिक दडलेला आहे.

धोरणांचा इतिहास पाहिला तर आकड्यांची मोठी गंमत दिसते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसायशिक्षणाकडे वळावे अशी अपेक्षा धरली होती आणि त्यासाठी मुदत दिली होती १९८६ पर्यंत. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग त्यांनी स्वतः केलेले असल्याने ती अपेक्षा केवळ कागदी म्हणता येत नाही. १९८६ उजाडले तेव्हा नवे शैक्षणिक धोरण आले आणि त्याने उद्दिष्ट ठेवले १९९० पर्यंत दहा टक्के, १९९५ पर्यंत पंचवीस टक्के. १९९२ मध्ये हीच टक्केवारी पाच पाच वर्षे पुढे ढकलण्यात आली. २०२० च्या धोरणात ‘पन्नास’ पुन्हा अवतरले, मुदत २०२५. फरक इतकाच की आता विद्यार्थ्याने त्या शाखेत जायचे नसून त्याला व्यवसायाचा ‘परिचय’ व्हायचा आहे. ती मुदतही उलटून गेली आहे. परिचय किती जणांना झाला हे सांगता येईल. त्या परिचयाने कोणाचे पोट भरले, हे मोजण्याची सोय त्या शब्दातच नाही.

महाराष्ट्राला यात नाक वर करण्याचे कारण नाही. १९८८ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘किमान कौशल्या’च्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमांकडे अन्यत्र प्रवेश न मिळालेल्यांची शाखा म्हणूनच पाहिले गेले.

खरे तर या विचाराचा उगम याच जुन्या मध्य प्रांतातला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने जी शिक्षण परिषद भरली, तिने हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानला. त्या वेळी नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे मंत्रिमंडळात शिक्षणखाते रायपूरच्या रविशंकर शुक्लांकडे होते; त्यांची ‘विद्यामंदिर’ योजना गाजली. याच शुक्लांनी पुढे मुख्यमंत्री म्हणून पोलाद कारखाना भिलाईत यावा यासाठी दिल्लीत वजन खर्च केले. एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन्ही गोष्टी आल्या, मात्र त्यांची एकमेकींशी गाठ कधी पडली नाही.

राज्यस्थापनेनंतर छत्तीसगडने एक धाडस जरूर केले. २०१३ मध्ये १४ ते ४५ वयोगटाला कौशल्यप्रशिक्षणाचा कायदेशीर हक्क देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. अर्ज केल्यापासून नव्वद दिवसांत प्रशिक्षण मिळाले पाहिजे, असे तो कायदा म्हणतो. मात्र हक्क प्रशिक्षणाचा आहे, रोजगाराचा नाही. आणि अर्ज करायला तरुण येतो तो बहुधा शाळा सोडल्यावर, म्हणजे निर्णयाची वेळ टळून गेल्यावर. नववी ते बारावीच्या वर्गात जे व्यवसायविषय शिकवले जातात, त्यांचे प्रशिक्षक अनेक राज्यांत खासगी संस्थांमार्फत कंत्राटावर घेतले जातात. मुलांना नोकरीसाठी तयार करणारा हा गुरू स्वतः ‘काम’वाला असतो.

दुखणे राजधानीत पाहायचे तर संसदेच्या समित्यांकडे वळावे. शाळेतील व्यवसायशिक्षण शिक्षण मंत्रालयाकडे आहे. आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी २०१५ पासून कौशल्यविकास मंत्रालयाकडे आली. ज्या कारखान्याच्या आवारात भिलाईचा मुलगा शिकू शकेल तो पोलाद मंत्रालयाचा. या तिघांच्या अनुदान मागण्या तीन वेगवेगळ्या स्थायी समित्यांपुढे जातात. पैकी शिक्षणाची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत, कामगार-कौशल्याची आणि कोळसा-पोलादाची लोकसभेच्या. प्रत्येकीचा अहवाल आपापल्या जागी चोख असतो. भिलाईचा अकरावीतला विद्यार्थी मात्र एकाही अहवालात सबंध सापडत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी साठ हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यांतील दहा हजार कोटी उद्योगांनी द्यावयाचे आहेत आणि संस्थांच्या कारभारातही उद्योगांना स्थान असेल. भिलाईसारख्या ठिकाणी, जेथे उद्योग म्हणजे मुख्यतः सरकारच, तेथे हा वाटा कोणी उचलावा हा प्रश्न पोलाद मंत्रालयापर्यंत जाईल. शाळांचा या योजनेशी संबंध नाही. त्या दुसऱ्या मंत्रालयाच्या आहेत.