संपलाच नाही असा गुरुवार

गुरुवार, 9 एप्रिल 1998. सकाळ.

बेलफास्टच्या पूर्वेला स्टॉर्माँटचं विस्तीर्ण आवार आहे. फोटोंत दिसते ती खांबांची पांढरी संसद याच आवारात, पण उत्तर आयर्लंडमधल्या शांततेच्या वाटाघाटी तिथे चालल्या नव्हत्या. त्या चालल्या होत्या कासल बिल्डिंग्ज नावाच्या साध्या सरकारी कचेरीत. कोंदट खोल्या, लांबच लांब बोळ, बाहेर गाड्या लावायच्या जागेत पत्रकारांचा तळ. आज रात्री बाराच्या आत करार, ही मुदत वाटाघाटींचे अध्यक्ष जॉर्ज मिचेल यांनी दोन आठवड्यांपूर्वी घालून दिली होती. मिचेल अमेरिकेतल्या मेन राज्याचे माजी सिनेटर. 1997 च्या ऑक्टोबरात त्यांना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी चौकशी केली की त्याच दिवशी उत्तर आयर्लंडमध्ये किती मुलं जन्मली. उत्तर आलं, 61. आपल्या मुलाला जसं आयुष्य मिळेल तसं या 61 जणांना का मिळू नये, हा प्रश्न मनात धरून ते परत खुर्चीत येऊन बसले होते.

सोळा-सतरा लाख वस्तीचा हा मुलूख. ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे युनियनिस्ट, बहुतांशी प्रोटेस्टंट. आयर्लंड एक व्हावं म्हणणारे नॅशनलिस्ट, बहुतांशी कॅथलिक. त्यांच्या संघर्षात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली होती. आणि त्या एकाच इमारतीत ये-जा करणारे अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे डेव्हिड ट्रिंबल आणि नॅशनलिस्ट बाजूच्या शिन फेनचे गेरी ॲडम्स समोरासमोर बसून वाटाघाटी करत नव्हते. निरोप जायचे ते मिचेल यांच्यामार्फत, नाहीतर दोन पंतप्रधानांमार्फत.

दुपार.

त्या दोघांपैकी आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न काळा टाय लावून होते. सोमवारी त्यांची आई गेली होती. बुधवारी पहाटे ते डब्लिनहून बेलफास्टला आले, ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याबरोबर न्याहारीला बसून बोलले, दुपारी आईच्या अंत्यविधीसाठी डब्लिनला परतले आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा बेलफास्टला हजर झाले. सुतकातल्या माणसाकडून कुणी याहून जास्त काय मागणार? पण त्यांनी त्याहून मोठी गोष्ट दिली. उत्तर आणि दक्षिण आयर्लंडच्या सामाईक मंडळाला भरपूर अधिकार द्यायचे, असा मजकूर मसुद्यात आला होता. युनियनिस्टांना त्यात संयुक्त आयर्लंडची पायाभरणी दिसत होती. ट्रिंबल यांचे सहकारी जॉन टेलर म्हणाले होते की चाळीस फुटी काठीनेही मी याला शिवणार नाही. अहर्न यांनी तो भाग नव्याने लिहायला मान्यता दिली. त्या आठवड्यातलं सर्वांत अवघड नमतं त्यांनी घेतलं, असं माझं मत आहे. त्यांनी अडून बसायचं ठरवलं असतं तर त्या दिवशी कुणी दोषही दिला नसता.

संध्याकाळ.

मो मोलम, उत्तर आयर्लंडच्या ब्रिटिश मंत्री, या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. मेंदूतल्या गाठीवरच्या उपचारांमुळे त्यांना टोप घालावा लागे. जानेवारीत सशस्त्र गटांच्या कैद्यांनी वाटाघाटींचा पाठिंबा काढला, तेव्हा या बाई थेट मेझ तुरुंगात जाऊन त्यांच्याशी बोलून आल्या होत्या. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांची विमेन्स कोअलिशन हा चिमुकला पक्षही टेबलाशी होता. हिंसेत होरपळलेल्यांचा उल्लेख करारात आला, त्यात त्यांचा मोठा वाटा.

रात्री इयन पेझली आपले समर्थक घेऊन आवारात घुसले. शिन फेनला आत घेतलं म्हणून त्यांचा डीयूपी पक्ष 1997 मध्येच उठून गेला होता. 1974 मध्ये याच पेझलींची आणि त्यांच्या साथीदारांची ताकद सगळ्यांनी पाहिली होती. सनिंगडेल करारातून आलेलं संयुक्त सरकार तेव्हा कामगारांच्या संपाने पाच महिन्यांत पाडलं. ती भीती इमारतीतल्या प्रत्येक युनियनिस्टाच्या मनात होती. पण या रात्री पेझली पत्रकारांसमोर उभे राहिले, तेव्हा प्रोटेस्टंट वस्त्यांतलेच काही लोक त्यांना ओरडून अडवत होते. बाहेरचं वारं फिरलंय, हे आतल्यांना कळलं.

मध्यरात्र.

मुदत संपली. कुणीही उठलं नाही.

घोडं पेंड खात होतं ते सरकारच्या रचनेपाशी. युनियनिस्टांना मंत्रिमंडळ नकोच होतं, विधानसभेच्या समित्यांनी कारभार करावा एवढंच हवं होतं. जॉन ह्यूम आणि शेमस मॅलन यांच्या नॅशनलिस्ट एसडीएलपीला खरं मंत्रिमंडळ हवं होतं. दक्षिणेबरोबरच्या सामाईक मंडळाबद्दल मनासारखं झाल्यावर ट्रिंबल इथे सरकले, आणि त्या रात्रीत जे ठरलं ते जवळून बघण्यासारखं आहे.

विधानसभा 108 जणांची, 18 मतदारसंघांतून प्रत्येकी सहा. निवडून आल्यावर प्रत्येकाने आपण युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की इतर, हे नोंदवायचं. महत्त्वाच्या निर्णयाला नुसतं बहुमत पुरणार नाही, दोन्ही बाजूंची संमती लागेल. पहिला मंत्री आणि उपमंत्री नावाने वरखाली, अधिकाराने अगदी सारखे. दोघांची निवड एकत्र. आपल्याकडे खातेवाटप युतीतले पक्ष बैठका घेऊन ठरवतात. तिथे ते भागाकाराने ठरणार होतं. पुढे जूनमध्ये जागा आल्या ट्रिंबल यांना 28, एसडीएलपीला 24, डीयूपीला 20, शिन फेनला 18. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, त्याने आधी खातं निवडायचं. मग त्याच्या जागांना दोनाने भागायचं, पुढे तिनाने, आणि दर वेळी ज्याचा आकडा मोठा त्याची पाळी. दहा खाती तीन, तीन, दोन, दोन अशी वाटली गेली. आयआरए या सशस्त्र संघटनेत राहिलेले शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस शिक्षणमंत्री झाले ते या भागाकाराने. ट्रिंबल यांना त्यांचं नाव उच्चारायची किंवा त्यांना आमंत्रण द्यायची गरजच पडली नाही. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या माणसांना एकत्र कारभार करता यावा म्हणून केलेली ही योजना मला त्या कराराचं काळीज वाटते.

शुक्रवार, पहाट.

सशस्त्र गटांच्या कैद्यांचा प्रश्न. शिन फेनला ते एका वर्षात सुटायला हवे होते. ठरलं दोन वर्षांत. वॉशिंग्टनमध्ये अजून रात्रच होती आणि अध्यक्ष क्लिंटन एकेका नेत्याला फोन करत होते. पुढे चारशेहून अधिक कैदी सुटले. ज्यांच्या घरची माणसं त्यांनी मारली होती, त्यांना या कलमाची किंमत रोज मोजावी लागली. करार हवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे विसरू नये.

शुक्रवार, दुपार.

अंतिम मजकूर हातात पडला आणि ट्रिंबल यांच्याच खोलीत बंड झालं. शिन फेनशी जोडलेल्या आयआरएने शस्त्रं खाली ठेवली नाहीत आणि शिन फेन मंत्रिमंडळात बसला तर? जेफ्री डोनाल्डसन हा तरुण खासदार ऐकेना. मजकूर आता उघडला असता तर सगळेच आपापली पाचर घेऊन धावले असते. म्हणून ब्लेअर यांनी कराराला हात न लावता ट्रिंबल यांना वेगळं पत्र लिहिलं: शस्त्रं खाली ठेवण्याची प्रक्रिया लगेच सुरू व्हावी, आणि पहिल्या सहा महिन्यांत तरतुदी अपुऱ्या ठरल्या तर त्या बदलायला मी पाठिंबा देईन. काठीने न शिवणाऱ्या टेलर यांनीच पत्र वाचून हे चालेल म्हटलं. डोनाल्डसन इमारतीतून निघून गेले. पावणेपाचच्या सुमारास ट्रिंबल यांनी मिचेल यांना फोन केला: आम्ही तयार आहोत.

5 वाजून 36 मिनिटं.

करार झाल्याचं मिचेल यांनी जाहीर केलं. त्याची प्रत उत्तर आयर्लंडमधल्या घराघरांत पोचवली गेली आणि 22 मे रोजी 81 टक्के मतदारांनी येऊन कौल दिला, 71.1 टक्के बाजूने. तीन महिन्यांत ओमाच्या बाँबस्फोटात 29 माणसं गेली, तरी करार टिकला. सरकार मात्र पुनःपुन्हा बंद पडलं, कधी कधी वर्षानुवर्षं. शेवटचं बंद पडलं 2022 मध्ये. 2024 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा सुरू झालं, कारण डीयूपीने परत यायचं ठरवलं. तेव्हा डीयूपीचे नेते होते, त्या शुक्रवारी इमारतीतून निघून गेलेले तेच जेफ्री डोनाल्डसन. नॅशनलिस्टांकडून मिशेल ओनील पहिल्या मंत्री झाल्या, युनियनिस्टांकडून एमा लिटल-पेंगेली उपमंत्री. एकीने राजीनामा दिला की दुसरीचंही पद जातं. तो नियम आजही तसाच आहे.