खाच लांब, पण लेन किती?

दोस्तांनो, डेस्कटॉप कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत कधी डोकावलात का? मदरबोर्डवर काही लांबलचक, तर काही बोटाच्या पेरापेक्षा थोड्याच मोठ्या खाचा दिसतात. हेच ते स्लॉट. ग्राफिक्स कार्ड बसतं ते इथंच. आणि ‘सगळ्यात लांब स्लॉट म्हणजे सगळ्यात वेगवान’ असं समजून घरचे पैसे वाया जातात तेही इथंच!

पूर्वी, म्हणजे १९९२ साली इंटेलनं आणलेल्या पीसीआय पद्धतीत, सगळी कार्डं एकाच रस्त्यावरून ये-जा करत. वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट, तोही सगळ्यांनी वाटून घ्यायचा. २००३ साली पीसीआय एक्स्प्रेस आली आणि प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन मिळाल्या. एक लेन म्हणजे तारांच्या दोन जोड्या, एक जायला आणि एक यायला. स्लॉटमध्ये अशा १, ४, ८ किंवा १६ लेन असतात.

पहिल्या पिढीत एका लेनमधून एका दिशेनं सेकंदाला २५० मेगाबाइट माहिती जाई. दुसऱ्या पिढीत ५००, तिसरीत सुमारे ९८५, चौथीत साधारण १९७०, पाचवीत ३९४०. तिसऱ्या पिढीची गंमत ऐका. तारांमधला वेग ५ वरून ८ वरच गेला होता, दुप्पट नव्हे! पण आधी दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागत. आता १२८ बिटांसाठी १३० पुरतात. वाया जाणं थांबलं आणि माहिती जवळजवळ दुप्पट झाली.

आता मुख्य नियम. कार्ड आणि बोर्ड यांत ज्याची पिढी जुनी आणि ज्याच्या लेन कमी, त्याचंच चालतं. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ हे कार्ड आलं. ते लांब स्लॉटमध्ये बसतं, पण त्याच्या लेन फक्त ४! चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्याला सेकंदाला सुमारे ७.९ गीगाबाइट मिळतात, तिसऱ्या पिढीवर बरोबर निम्मे. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ गीगाबाइट. गेम तिच्यात मावला नाही, की उरलेली माहिती या अरुंद वाटेनं आणावी लागते आणि चित्र अडखळतं. स्वस्त कार्ड घेतात कोण? जुना बोर्ड असलेलेच! आई-बाबांनो, दुकानात ‘किती जीबी?’ विचारताना ‘लेन किती?’ हेही विचारा.

प्रोसेसरकडच्या लेनही मोजक्याच असतात बरं का. उदाहरणार्थ, ‘रायझन ५ ३६००’कडे २४ लेन आहेत. १६ ग्राफिक्सला, ४ वेगवान एनव्हीएमई डिस्कला आणि उरलेल्या ४ चिपसेटला. चिपसेटला जोडलेलं सगळं त्या चारांतच भागवतं. म्हणून काही बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट भरला, की ग्राफिक्सच्या १६ लेनच्या ८ होतात. त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. चौथ्या पिढीच्या ८ लेन म्हणजे तिसऱ्या पिढीच्या १६ च! काही बोर्डांवर छोटी एम.टू डिस्क बसवली, की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात. जुनी हार्ड डिस्क एकदम दिसेनाशी झाली, तर ती बिघडली असं समजून नवी आणायला पळू नका. आधी बोर्डाची माहितीपुस्तिका वाचा, प्लग काढा आणि केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहा.

बायोसमध्ये स्लॉटची पिढी निवडता येते. ती ‘ऑटो’वरच असू द्यावी हे उत्तम. अपवाद रायझर केबलचा. केबल तिसऱ्या पिढीची आणि कार्ड-बोर्ड चौथ्या पिढीचे असले, तर पडदा काळा पडू शकतो. तेव्हा कार्ड थेट बोर्डात बसवून बायोसमध्ये ‘जेन ३’ निवडायचं आणि मग केबल पुन्हा लावायची. एकाच स्लॉटमध्ये चार एम.टू डिस्कचं साधं कार्ड बसवलंत, तर १६ लेनचे ४-४-४-४ असे वाटे करावे लागतात. नाहीतर एकच डिस्क दिसते. ही सोय सगळ्या बोर्डांत नसते.

सगळं नीट बसलं का, हे जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. तिथं ‘१.१’ दिसलं तर दचकू नका. काम नसताना कार्ड वीज वाचवायला हळू चालतं. शेजारचं प्रश्नचिन्हाचं बटण दाबून चाचणी सुरू करा आणि मग आकडा वाचा.