गेट जुनंच, पगार नवा!

सकाळी सहाला कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर उभे राहा. भोसरीची बस, चाकणची बस, तळेगावची बस. गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक, डोळ्यांत अर्धी झोप. या गर्दीत एखादा असा असतोच, ज्याचं कार्ड कोरं करकरीत असतं आणि कंपनी मात्र तीच, दोन वर्षांपूर्वी सोडलेली! एचआरवाले अशा मंडळींना 'बूमरँग' म्हणतात. फेकलं की फिरून परत!

माहीत आहे का, आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या बूमरँगचा पगार किती होता? वर्षाला एक रुपया! इन्फोसिसची सुरुवात १९८१ मध्ये झाली ती आपल्या पुण्यातच. नारायण मूर्ती २०११ मध्ये निवृत्त झाले आणि १ जून २०१३ ला परत आले. सीटीसी: रुपया एक फक्त. २०१७ मध्ये नंदन निलेकणी परतले, त्यांनी तर तो रुपयाही घेतला नाही.

स्टीव्ह जॉब्सची तऱ्हा आणखी न्यारी. १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर. १९९७ मध्ये आत, पण एकटा नाही. ॲपलने त्याची नेक्स्ट ही अख्खी कंपनीच ४० कोटी डॉलरहून जास्त मोजून विकत घेतली. पगार वर्षाला एक डॉलर, वर बोनस म्हणून चक्क जेट विमान! याला म्हणतात जॉइनिंग बोनस (उशिरा का होईना).

आपल्याला कुणी विमान देत नाही. सीएल-पीएल दिली तरी पुष्कळ. तर येऊ या आपल्या पे-स्लिपवर.

माहीत आहे का, परतताना पगार वाढतो, पण ग्रॅच्युइटीचं मीटर शून्यावर येतं? हिशोब बघा. बेसिक आणि डीए मिळून २६,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे रोज १,०००. दर वर्षाचे १५ दिवस, म्हणजे वर्षाला १५,०००. सलग आठ वर्षं टिकलात तर १,२०,००० रुपये. आता तीच आठ वर्षं चार अधिक चार अशी करा, मध्ये राजीनामा आणि कमबॅक. हातात किती? भोपळा! कायद्याला सलग पाच वर्षं लागतात, आणि तुमची दोन्ही खेपेला चारच भरली. एचआरशी हाइकवर तासभर घासाघीस करणारे नेमके इथे गप्प बसतात. ऑफर लेटरमध्ये जुनी सर्व्हिस धरून घ्या असं मागता येतं. कायद्यापेक्षा जास्त द्यायला कायदा मालकाला अडवत नाही. फक्त ते लेखी हवं. चहाच्या टपरीवरचं 'बघू आपण' चालत नाही.

आणि गंमत म्हणजे पीएफचं गणित बरोब्बर उलटं! यूएएन बारा आकडी, आयुष्यभर एकच. पैसे न काढता ट्रान्सफर केलेत तर पेन्शनची वर्षं बेरजेत जातात. चार अधिक चार म्हणजे आठच. पेन्शनला लागतात दहा. म्हणजे एकाच माणसाची तीच वर्षं एका खात्यात वाया, दुसऱ्यात जमा.

पण भोसरी-चाकणच्या पट्ट्यातला अस्सल बूमरँग एसी केबिनमध्ये नसतो, तो लाइनवर असतो. लातूर-नांदेडकडून आलेला आयटीआयवाला टेम्पररी. सात महिने काम, मग 'ब्रेक'. सातच का, माहीत आहे का? बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, आणि मग कपात करायची तर नोटीस द्या, भरपाई द्या. त्याआधीच ब्रेक दिला की कटकट मिटली! पोरगा शेजारच्या कंपनीत सात महिने काढतो आणि परत पहिल्या गेटवर हजर. स्टेशन तेच, टॉर्क गन तीच, सुपरवायझर तोच. टोकन नंबर तेवढा नवा, आणि पगार पुन्हा नवख्याचा. अनुभव कंपनी वापरते, मोजत मात्र नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमुळे मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. सात महिनेवाल्यांनी स्वतःच बोटं मोजावीत.

त्याच संहितांतला हा नगही ऐका. कपातीत काढलेल्या कामगाराला वर्षभरात पहिला हक्क आहे! कंपनी नवी भरती करणार असेल तर आधी जुन्यांना विचारायचं, आणि ते तयार असतील तर प्राधान्य त्यांना.

आता क्रिकेट, कारण क्रिकेटशिवाय पगाराची गोष्ट अळणी. २०१८ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला १५ कोटींत राखलं, हार्दिक पांड्याला ११ कोटींत. हार्दिक पुढे गुजरातला गेला आणि २०२४ च्या हंगामासाठी १५ कोटींवर परतला, वर कॅप्टनशिप! मुंबईतच थांबलेला रोहित तोवर १६ वर. फिरून आलेल्याला चार कोटींची वाढ, थांबलेल्याला एकाची. ऑफिसात हेच होतं तेव्हा कँटीनमध्ये काय चर्चा रंगते, ते सांगायला नको. (बुमराह मात्र कुठेही न जाता ७ वरून १८ कोटींवर पोचला. पण यॉर्कर टाकता यायला हवा.)

आपल्या गहुंज्याच्या मैदानावर पुण्याची जर्सी घालून खेळलेला धोनीही बूमरँगच. पुण्यात साडेबारा कोटी, चेन्नईला परतल्यावर १५.

आणि कंपनीच बूमरँग झाली तर? नाशिक फाट्याच्या दुमजली पुलाला ज्यांचं नाव आहे, त्या जेआरडी टाटांची विमान कंपनी १९५३ मध्ये सरकारकडे गेली. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परतली. सौदा १८,००० कोटींचा, त्यातलं १५,३०० कोटी नुसतं कर्ज!

जाता जाता, रिटायर काकांसाठी. केंद्र सरकारी बाबू निवृत्तीनंतर करारावर परतला तर पगार किती? शेवटचा बेसिक वजा पेन्शन! समजा, बेसिक १,५५,९०० होता आणि पेन्शन ७७,९५०. मग कराराचे ७७,९५०. बेरीज करा: पुन्हा १,५५,९००. कराराच्या रकमेवर इन्क्रीमेंट नाही, महागाई भत्ता नाही. फाइली मात्र सगळ्या आहेत तिथेच आहेत, काका.